दुखणं हाल्याला, इंजेक्शन पखालीला

आपल्याकडे एक म्हण आहे, दुखणं हाल्याला आणि इंजेक्शन पखालीला. निवडणुकीच्या भाषणात ती हमखास ऐकू येते. लोक हसतात, टाळ्या वाजवतात. पण हाल्या म्हणजे कोण आणि पखाल म्हणजे काय, हे आजच्या पोरांना विचारलं तर दहातले आठ गप्प बसतील. हाल्या म्हणजे रेडा. त्याच्या पाठीवर दोन्ही बाजूंना लोंबणारी पाण्याची मोठी कातडी पिशवी म्हणजे पखाल. ती विहिरीवरून भरून घरोघर रिती करणारा तो पखाली. महाराष्ट्रात हे काम बहुतेक मुसलमान करत. उत्तरेत त्यांना भिश्ती म्हणतात. हा शब्द फारसीतल्या 'बिहिश्त' म्हणजे स्वर्ग या शब्दावरून आला असं मानतात. तहानलेल्याला पाणी पाजणारा स्वर्गातला माणूस, असा त्याचा मान.

माझे पणजोबा पखाली होते. ही गोष्ट आमच्या घरात फारशी कोणी काढत नसे. आजोबा शेतीत गेले, अब्बा नोकरीत. पखाल मागे पडली आणि तिच्यासोबत पणजोबाही. आमचा राळेगाव तालुका ज्या जिल्ह्यात येतो, त्याला १९०५ पर्यंत वणी जिल्हा म्हणत आणि नंतर यवतमाळ म्हणू लागले. पणजोबांचं तारुण्य त्या बदलाच्या आसपासचं. पुढे गावोगाव नळ येत गेले. मुंबईला तर १८६० मध्येच विहार तलावाचं पाणी नळाने पोचलं होतं. नळ आला की पखाली गेला. त्याचा इतिहास कोणी लिहिला नाही, म्हणीत तेवढा तो उरला.

आजोबा मात्र त्यांच्या वडिलांचं एक वाक्य सांगायचे, "पाणी जिथं दिसते, तिथून ते येत नसते." पखालीला भोक पडलं की पाणी कातड्यावरून ओघळत खाली येतं आणि सगळ्यात खालच्या टाक्यावर ठिबकतं. नवखा माणूस तो खालचा टाका शिवून मोकळा होतो. जाणता माणूस पखाल पुसून कोरडी करतो, पुन्हा भरतो आणि पहिला ओलावा वर कुठे फुटतो ते डोळे लावून पाहतो. लहानपणी हे ऐकून सोडून दिलं होतं. त्याची किंमत कळली चार वर्षांपूर्वीच्या पावसाळ्यात.

आमचं घर जुनं आहे. मातीच्या जाड भिंती, अर्ध्या भागावर अजून कवेलू, उरलेल्यावर स्लॅब. शेजारचं घर आणि आमचं घर यांच्यात एकच सामाईक भिंत. अलीकडे अम्मीची खोली, पलीकडे काकूंचं देवघर. त्या भिंतीला ओल यायला लागली. आधी चटईएवढा डाग, मग पोपडे, मग पांढरा खार. कपाटातल्या गोधड्यांना बुरशीचा वास. अम्मीला दम्याचा त्रास आहे, तिचा खोकला वाढला.

आम्ही काय केलं? रंग दिला. दुसऱ्या वर्षी सिमेंटचा गिलावा केला. तिसऱ्या वर्षी महागडा वॉटरप्रूफ रंग आणला. दर वर्षी डाग पुन्हा वर आला, आधीपेक्षा वीतभर उंच. एका पावसाळ्यात काकू दारात आल्या. म्हणाल्या, "बाबू, तुमचंच पाणी येते आमच्या देवघरात. देव्हाऱ्याखालची फरशी कोरडी होत नाही."

मी म्हणालो, "काकू, आमचीच भिंत सडली आहे. तुमच्या कवेलूचं पाणी मुरत असेल."

त्यांचा आवाज चढला, माझाही चढला. त्यानंतर ईदचा शीरखुर्मा तिकडे गेला नाही आणि दिवाळीचा फराळ इकडे आला नाही. चाळीस वर्षांचा घरोबा एका ओल्या भिंतीने तोडला. त्यात गल्लीतल्या कुणीतरी बोलून ठेवलं, "यांच्या वजूच्या पाण्यानं त्यांचं देवघर भिजते." काकू असं बोलल्या नव्हत्या, पण ते माझ्या कानावर आलं आणि रात्रभर झोप लागली नाही. साधी गळती, पण तिला धर्म चिकटायला वेळ लागला नाही.

त्याच हिवाळ्यात एका लग्नासाठी औरंगाबादला, म्हणजे आताच्या छत्रपती संभाजीनगरला जाणं झालं. दुपारी वेळ होता म्हणून पाणचक्की पाहायला गेलो. बाबा शाह मुसाफिर यांच्या दर्ग्याच्या आवारात अठराव्या शतकात उभारलेली ही चक्की. काही किलोमीटरवरून जमिनीखालून आलेलं पाणी उंच भिंतीवरून हौदात पडतं आणि त्याच पाण्याच्या जोरावर दळण दळलं जाई. ते पीठ फकिरांच्या, प्रवाशांच्या आणि विद्यार्थ्यांच्या भाकरीला लागे.

या शहराला जमिनीखालून पाणी आणायची वाट दाखवली मलिक अंबरने. इथिओपियात जन्मलेला, गुलाम म्हणून विकला गेलेला आणि पुढे निजामशाहीचा कर्ता झालेला हा माणूस. त्याने १६१० मध्ये खडकी वसवली आणि नंतरच्या काही वर्षांत डोंगराकडचं जमिनीतलं पाणी चुनेगच्ची नहरीने गावात आणलं. तीच नहर-ए-अंबरी. १६२६ मध्ये तो वारला. त्याच्यानंतरही तिथे नहरी होत राहिल्या आणि शहर शतकानुशतके त्यांच्यावर जगलं.

मलिक अंबरवर आपण खूप बोलतो. गनिमी कावा, जमीन महसुलाची पद्धत, मोगलांशी झुंज. पण त्या दिवशी माझं लक्ष दुसऱ्याच गोष्टीवर गेलं. या नहरीला ठरावीक अंतरावर वर उघडणारी तोंडं ठेवलेली आहेत. माणूस आत उतरून गाळ काढू शकेल, अशी. तिथे उभा असताना वाटलं, ही तर गळती शोधायची सोय आहे. एका तोंडाशी पाणी गुडघाभर आणि पुढच्या तोंडाशी घोट्याएवढं असेल, तर पाणी या दोहोंच्या मधेच कुठेतरी जातंय. सगळी नहर खणायची गरज नाही. दुखणं कुठे आहे ते आधी कळतं, मग इलाज.

अशीच व्यवस्था जळगावच्या सीमेला लागून असलेल्या बुऱ्हाणपुरात आहे. अब्दुर्रहीम खानखानान सुभेदार असताना, १६१५ च्या सुमारास, इराणी कनातीच्या धर्तीवर तिथे कुंडी भंडारा झाला. शंभरावर कुंड्या खालच्या भुयाराने एकमेकींना जोडलेल्या. या विद्येची परंपरा फार जुनी आहे. बगदादेत राहिलेल्या अल-करजी या गणितज्ञाने इ.स. १०१७ च्या सुमारास जमिनीखालचं पाणी शोधण्यावर आणि ते वाहून आणण्यावर अरबीत अख्खा ग्रंथ लिहिला होता.

विजापूरकरांनी आणखी एक गोष्ट ओळखली, ती म्हणजे दाब. मुहम्मद आदिलशाहने १६५१ मध्ये बेगम तलाव बांधला. तिथून मातीचे नळ चुन्याच्या बांधकामात घट्ट बसवून शहरात आणले. वाटेत जागोजागी उंच मनोरे बांधले, त्यांना गंज म्हणतात. पाणी मनोऱ्यात वर चढायचं, दाब हलका व्हायचा, गाळ खाली बसायचा आणि मग ते पुढे जायचं. हे मनोरे नसते तर मातीच्या नळांचे सांधे फुटले असते. आपल्याकडे नळ दोन-तीन दिवसांतून एकदा येतो. रिकाम्या पाइपात पाणी एकदम घुसतं, आतली हवा फटफट करत तोटीतून बाहेर पडते. तो धक्का प्रत्येक सांध्याला बसतो. साडेतीनशे वर्षांपूर्वी विजापुरात ज्याचा विचार झाला होता, तो आपण घर बांधताना करत नाही.

आणि चुना. जुना गिलावा म्हणजे चुना, वाळू, विटांची सुरखी. त्यात कुठे गूळ, कुठे बेलफळ, कुठे हिरडा. बैलांच्या घाणीत तो कितीतरी वेळ मळला जाई. चुन्याचा गुण असा की त्यात बारीक चीर पडली आणि तिच्यातून पाणी झिरपलं, तर विरघळलेला चुना पुन्हा त्या चिरेत साचून ती बुजवतो. मातीच्या भिंतीवरचा चुना ओलाव्याला बाहेरही पडू देतो. आम्ही त्यावर सिमेंट थापलं होतं. मग ओल बाहेर पडणार कुठून? ती वर चढत गेली. दर वर्षी डाग वीतभर उंच का होत होता, याचं उत्तर मला चारशे वर्षांपूर्वीच्या बांधकामासमोर मिळालं.

घरी आल्यावर वाचायला बसलो. १८७० च्या दशकात लिव्हरपूलचे अभियंते जॉर्ज डीकन यांनी पाण्याचा प्रवाह कागदावर आपोआप नोंदवणारं मीटर बनवलं. त्यामागची कल्पना सोपी होती. रात्री सगळे झोपलेले असताना पाणी वापरत कोणीच नसतं. तरीही मीटर चालत असेल, तर ते पाणी वाया जातंय. मग तपासनीस रात्री गल्लीगल्लीत फिरत. पाइपाच्या चावीला दांडा लावून दुसरं टोक कानाशी धरत आणि सूं असा आवाज कुठे येतो ते ऐकत.

दुसरी कथा १८५४ च्या लंडनची. ब्रॉड स्ट्रीटच्या पंपाचं पाणी पिऊन सहाशेहून अधिक माणसं कॉलऱ्याने मेली. डॉ. जॉन स्नो यांनी पंपावर बोट ठेवलं, हे शाळेतही शिकवतात. पण विहिरीत घाण आली कुठून? पुढच्या वर्षी खणून पाहिलं, तेव्हा शेजारच्या ४० नंबरच्या घराचा मैलाखड्डा विहिरीपासून तीन फुटांच्याही आत निघाला. त्याच्या विटा कुजल्या होत्या. त्या घरातलं एक तान्हं बाळ साथीच्या सुरुवातीलाच दगावलं होतं आणि त्याचे लंगोट धुतलेलं पाणी त्याच खड्ड्यात गेलं होतं. त्या घराने मुद्दाम काही केलं नव्हतं. त्यांचंही लेकरू गेलं होतं. पण गळती त्यांचीच होती.

हे वाचलं आणि पुस्तक मिटलं. कारण काकूंची विहीर आमच्या न्हाणीपासून फार तर वीस फुटांवर होती.

दुसऱ्या दिवसापासून पणजोबांच्या पद्धतीने सुरुवात केली. आधी हे ठरवायचं होतं की ओल कशाची आहे. पावसाळी हवेत प्रत्येक ओल म्हणजे गळती नसते. माठ पाझरतो आणि थंड पाण्याचा स्टीलचा पेला घामेजतो. दोन्हींना बाहेरून थेंब दिसतात, पण एकाचं पाणी आतून येतं आणि दुसऱ्याचं हवेतून. भिंतीचंही तसंच आहे. भिंतीवर हातभर प्लास्टिकचा कागद चारही बाजूंनी चिकटपट्टीने बंद करून लावला आणि दोन दिवस राहू दिला. थेंब कागदाच्या खोलीकडच्या बाजूला आले असते, तर दोष कोंदट हवेचा. आपल्या विदर्भात पाऊस सुरू झाल्यावरही खिडकीतला कूलर चालू ठेवतात, त्याने अशी ओल हमखास धरते. पण आमच्याकडे थेंब कागदाच्या आतल्या बाजूला, भिंतीकडे होते. पाणी भिंतीतूनच येत होतं.

दुसरा प्रश्न, कोणतं पाणी? छताचं, नळाचं की सांडपाण्याचं? छताचं असतं तर ओल पावसात वाढून उघडीप पडल्यावर उतरली असती आणि वरून खाली आली असती. आमची ओल हिवाळ्यातही होती आणि खालून वर चढत होती. म्हणजे काकूंचे कवेलू निर्दोष. मी त्यांच्यावर आरोप केला होता, तो पहिल्याच दिवशी खोटा ठरला.

मग डीकनची रात्र. झोपण्यापूर्वी टाकी भरली, सगळ्या तोट्या बंद केल्या. काठी बुडवून पाण्याची पातळी तिच्यावर पेन्सिलने आखली. फजरच्या वेळी वजू करण्याआधी पुन्हा काठी बुडवली. रेघ जिथली तिथे. जमिनीतल्या पाइपाला लोखंडी सळई लावून कानाने ऐकलं, आवाज नाही. संडासाच्या फ्लशच्या टाकीत कपड्याची नीळ टाकली, अर्धा तास वाट पाहिली, खाली निळं पाणी उतरलं नाही. नळाचं पाणी सुटलं.

उरलं सांडपाणी. ते चोवीस तास वाहत नाही, वापरलं की वाहतं, म्हणून टाकीच्या परीक्षेत सापडत नाही. न्हाणीचं पाणी अंगणातल्या चेंबरपर्यंत जातं. चेंबरकडचं तोंड कापडाचा बोळा कोंबून बंद केलं, न्हाणीच्या जाळीपर्यंत पाणी भरलं आणि बसून राहिलो. अर्ध्या तासात पाणी चार बोटं उतरलं. पुन्हा भरलं, पुन्हा उतरलं.

फरशी फोडली. न्हाणीच्या कोपऱ्यात, जिथे अब्बा रोज वजू करायचे, त्याच्या खाली जुना चिनीमातीचा पाइप सांध्यात सरळ दोन बोटं तुटलेला. कारण आपली काळी जमीन. पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात आकसते, भेगा पडतात. तिच्यात थेट पुरलेला ताठ पाइप दर वर्षी वर उचलला जातो आणि खाली बसतो. शेवटी सांधा सुटतो. किती वर्षं ते पाणी भिंतीच्या पायात आणि काकूंच्या विहिरीकडे मुरत होतं, अल्लाह जाणे.

म्हणजे गल्लीत जे बोललं गेलं होतं, त्यातलं पाणी खरंच आमच्या वजूचं होतं. बोलणाऱ्याची नियत वाईट होती, पण पाणी आमचं होतं. या दोन गोष्टी वेगळ्या करायला मला बराच वेळ लागला. नियतीवर राग धरून पाण्याची जबाबदारी नाकारता येत नाही.

अम्मी म्हणाली, "तू जाऊन सांग. मजुराला नको पाठवूस."

गेलो. काकू अंगणात तूर निवडत होत्या. म्हणालो, "काकू, पाणी आमचंच आहे. पाइप फुटला आहे. तुमच्या कवेलूला नाव ठेवलं, चुकलो. आणि काही दिवस विहिरीचं पाणी पिऊ नका."

त्या थोडा वेळ काहीच बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, "भाभीचा खोकला कसा आहे?" आणि सुपातली तूर बाजूला सरकवून मला बसायला जागा केली.

दुरुस्तीला आठ दिवस लागले. नवा पीव्हीसी पाइप टाकला, खाली आणि भोवती मुरूम व वाळू भरली, म्हणजे काळी माती त्याला थेट धरणार नाही. त्याचा मार्ग विहिरीपासून लांब वळवला. खड्डा बुजवण्याआधी पुन्हा बोळा कोंबून पाणी भरलं आणि रात्रभर ठेवलं. उतरलं नाही, तेव्हाच माती टाकली. विहीर उपसून ब्लीचिंग पावडर टाकली. तोवर काकूंच्या घरी पिण्याचं पाणी आमच्याकडून गेलं. पणजोबांचा पेशा पुन्हा सुरू झाला म्हणायचं. भिंतीवरचं सिमेंट दोन्ही बाजूंनी काढलं, एक पूर्ण उन्हाळा ती उघडी वाळू दिली आणि मग चुन्याचा गिलावा केला.

एक हिशेब सांगतो. गळक्या तोटीतून सेकंदाला एक थेंब धरला तर दिवसाचे ८६,४०० थेंब होतात. वीस थेंबांचा एक मिलिलिटर धरला तरी चार लिटरच्या वर पाणी झालं. हदीसमध्ये येतं की पैगंबर एक मुद पाण्यात वजू करत. मुद म्हणजे पाऊण लिटरच्या आत-बाहेर. म्हणजे एक ठिबकती तोटी दिवसाला पाच-सहा वजूंचं पाणी वाया घालवते. मशिदीच्या वजूखान्यात किती तोट्या ठिबकतात, ते पुढच्या जुम्याला मोजून पाहा. आम्ही राळेगावात मोजल्या. आकडा इथे लिहीत नाही, लाज वाटते.

औरंगाबादच्या नहरीचं पुढे काय झालं? तिच्या तोंडांवर बांधकामं झाली, कुठे सांडपाणी शिरलं, कुठे भिंती ढासळल्या. बांधणाऱ्याचं नाव आपण पाठ केलं, पण दर वर्षी आत उतरून गाळ काढणाऱ्याचं, सांधा चुन्याने भरणाऱ्याचं नाव कुठेच लिहिलेलं नाही. नहर त्या नाव नसलेल्या माणसांच्या जिवावर चालत होती. ती माणसं गेली आणि पाणी आटत गेलं. मलिक अंबरची जयंती-पुण्यतिथी जरूर करू या, पण त्याचा वारसा सांगायचा असेल तर आधी आपल्या घरातला पाइप तपासावा लागेल.

यंदाही मृगाच्या आधी टाकीत काठी बुडवून रेघ मारली. काकूंचा मुलगा सोबत होता. त्यांच्या टाकीची रेघ सकाळी दोन बोटं खाली गेलेली निघाली. या वेळी गळती त्यांची आहे. रविवारी आम्ही दोघं मिळून शोधणार आहोत.